फोन फुटला, पण माणूस कसा सापडतो? लिव्हरपूलच्या टोळ्या आणि त्यांच्या मागावरचे डिटेक्टिव्ह

लिव्हरपूल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना फुटबॉलची लाल जर्सी आठवते, थोड्या वयस्करांना बीटल्स. ब्रिटनच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांना मात्र गेल्या काही वर्षांत तिसरी ओळख झाली आहे: एन्क्रोचॅट नावाच्या गुप्त संदेशसेवेच्या फोनवरून कोकेनचा धंदा चालवणाऱ्या कुणाला तरी लिव्हरपूलच्या कोर्टात पंधरा-वीस वर्षांची शिक्षा. अशा बातम्या इतक्या वेळा येतात की वाचणारा बुचकळ्यात पडतो. पोलिसांनी हे मेसेज २०२० सालीच वाचले होते ना? मग शिक्षेला तीन-चार वर्षं का लागतात? आणि सौदा, वजन, भाव सगळं लेखी समोर असताना खटल्यात भांडायला उरतं तरी काय?

उरतं ते एवढंच, की मेसेजवर नाव नसतं. एखादं टोपणनाव असतं आणि पुढे कोणीही माणूस असू शकतो. 'हा फोन माझा नव्हताच' या एका वाक्यावर आरोपीचा सगळा बचाव उभा राहतो. त्यामुळे तपास अधिकाऱ्यांचं खरं काम मेसेज हाती आल्यानंतर सुरू झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी सांगितला गेलेला आणि सर्वांत रंजक भाग तोच आहे.

## बंदर आहे म्हणून गुन्हेगारी आहे का?

अर्धं उत्तर हो. मर्सी नदीच्या मुखाशी असलेल्या या शहरात १७१५ साली जहाजांसाठी बंदिस्त व्यापारी गोदी सुरू झाली, जगातल्या अशा पहिल्या गोद्यांपैकी ती एक. पुढची दोन शतकं गुलामांच्या व्यापाराची जहाजं, साखर, कापूस, तंबाखू असं सगळं इथून गेलं. मग सत्तरच्या दशकात कंटेनर आले. शहराच्या दक्षिणेकडच्या जुन्या गोद्या १९७२ मध्ये बंद झाल्या आणि काम उत्तरेला सीफोर्थच्या नव्या टर्मिनलवर गेलं, जिथे पूर्वीच्या मानाने मूठभर माणसं पुरत. १९३१ च्या आसपास साडेआठ लाख वस्तीचं शहर आज पाच लाखांच्या आसपास आहे. १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगल झाली, ऐंशीच्या दशकातच स्वस्त हेरॉइन आलं, आणि ज्या वस्त्यांमध्ये बापाची गोदीतली नोकरी मुलाला मिळायची तिथे मुलाला दुसरंच काम मिळू लागलं.

उरलेलं अर्धं उत्तर जरा वेगळं आहे. युरोपात येणाऱ्या कोकेनचे मोठे दरवाजे म्हणजे बेल्जियमचं अँटवर्प आणि नेदरलँड्सचं रॉटरडॅम. लिव्हरपूलच्या टोळ्यांची ताकद आपल्या धक्क्यावर माल उतरवण्यापेक्षा परदेशात जाऊन घाऊक व्यापाऱ्याशी थेट बोलण्यात आहे. गोदी कामगार आणि खलाशांच्या शहराला जगभर ओळखी असतात. त्यातल्या काही ओळखी अॅमस्टरडॅम, स्पेनचा किनारा आणि अलीकडे दुबई इथे कामी आल्या.

## एन्क्रोचॅट म्हणजे नेमकं काय?

दिसायला साधा अँड्रॉइड फोन. आतून मात्र जीपीएस काढलेलं, काही फोनमधले कॅमेरा आणि मायक्रोफोनही. त्यावर फक्त त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनशी मजकूर, चित्रं आणि आवाज यांची देवाणघेवाण करता येई. मेसेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जात. पकडले गेलात तर एक विशिष्ट पिन टाकायचा, की फोन साफ. सहा महिन्यांचं भाडं साधारण १५०० पौंड. जगभरात सुमारे ६० हजार ग्राहक होते, त्यातले दहा हजारांच्या आसपास ब्रिटनमधले.

या कंपनीचे सर्व्हर उत्तर फ्रान्समध्ये आहेत हे तिथल्या पोलिसांच्या लक्षात आलं. त्यांनी नेदरलँड्सच्या पोलिसांना सोबत घेतलं आणि १ एप्रिल २०२० पासून सगळ्या फोनमध्ये एक छुपा प्रोग्रॅम सोडला. लॉकडाऊनमध्ये जग घरात बसलं होतं आणि फ्रान्समधून ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीकडे, म्हणजे संघटित गुन्हेगारीसाठीच्या त्यांच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे, रोज मेसेजचे गठ्ठे येत होते. १३ जूनला कंपनीच्या हे लक्षात आलं. 'फोन बंद करा आणि फेकून द्या' असा इशारा तिने ग्राहकांना पाठवला. पण तोवर अडीच महिने होऊन गेले होते.

२ जुलैला ब्रिटनने हे जाहीर केलं तेव्हा ७४६ जण अटकेत होते, ५ कोटी ४० लाख पौंड रोख, ७७ बंदुका आणि दोन टनांहून जास्त अमली पदार्थ जप्त झाले होते. तीन वर्षांनी युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस यंत्रणेने, जगभरातल्या अटकांचा आकडा ६,५५८ सांगितला.

## म्हणजे आपलं व्हॉट्सअॅपही वाचतात का?

ही शंका हमखास येते. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे: मेसेजचं कुलूप कोणी तोडलं नाही. पत्र लाखेने सीलबंद करून पाठवलं तर वाटेतला पोस्टमन ते वाचू शकत नाही, पण तुम्ही टेबलाशी बसून पत्र लिहीत असताना कोणी खांद्यावरून डोकावलं तर त्या लाखेचा काही उपयोग नाही. छुपा प्रोग्रॅम फोनमध्येच बसला होता, त्यामुळे मजकूर उघडा असतानाच त्याची प्रत निघत होती. असं एखाद्याच्या फोनमध्ये शिरायला ब्रिटनमध्ये स्वतंत्र वॉरंट लागतं. सरसकट सगळ्यांचं व्हॉट्सअॅप वाचण्याशी याचा संबंध नाही.

अर्थात, हा प्रोग्रॅम नेमका कसा चालला हे फ्रान्सने आजवर उघड केलेलं नाही. राष्ट्रीय संरक्षणाचं गुपित म्हणून त्यावर शिक्का आहे. आरोपींच्या वकिलांची याबद्दलची तक्रार मला अगदीच फोल वाटत नाही. ज्या यंत्रातून पुरावा निघाला ते यंत्र कोणाला दाखवायचंच नाही, हे न्यायालयाला अवघड जागी नेणारं आहे.

## टोपणनावापासून माणसापर्यंत

आता मूळ काम. टोपणनावामागचा माणूस शोधण्याला ब्रिटिश पोलिस 'अॅट्रिब्युशन' म्हणतात. फोन कोणाचा ते सिद्ध करणं, असं साध्या शब्दांत.

यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट लिव्हरपूलचीच. ३९ वर्षांच्या एका स्थानिक माणसाने एन्क्रोचॅटवर 'टॉफीफोर्स' हे नाव घेतलं होतं. एव्हर्टन या तिथल्या दुसऱ्या मोठ्या क्लबच्या पाठीराख्यांना टॉफी म्हणतात, त्यामुळे शहरातल्या निम्म्या लोकांवर संशय घ्यावा लागला असता. पण या गृहस्थाला चीजचा शौक. मार्क्स अँड स्पेन्सरमधून आणलेला स्टिल्टन चीजचा तुकडा तळहातावर धरून त्याने फोटो काढला आणि कौतुकाने कोणाला तरी पाठवला. फोटोत तळवा आणि बोटांची टोकं स्वच्छ दिसत होती. मर्सीसाइडच्या, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या परिसराच्या, पोलिसांच्या तज्ज्ञांनी फोटोतल्या रेषा मोठ्या करून ठशांशी ताडून पाहिल्या आणि माणूस सापडला. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि केटामिन पुरवण्याच्या कटाची कबुली त्याने दिली. मे २०२१ मध्ये त्याला साडेतेरा वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट जगभर हसत हसत छापली गेली, पण सगळेच असे चीज पाठवत नाहीत. नेहमीचं काम फार कंटाळवाणं असतं. एक डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल हजारो मेसेज ओळीने वाचत बसतो. ड्रग्जच्या मेसेजकडे त्याचं तितकंसं लक्ष नसतं, ते तर सगळ्यांचे सारखेच. तो शोधत असतो घरगुती बडबड. आज मुलीचा वाढदिवस आहे. आईला हॉस्पिटलमध्ये नेतोय. गाडी सर्व्हिसिंगला टाकली. कुत्र्याचा फोटो. जेवण मागवण्यासाठी दिलेला पत्ता. मग त्या तारखेला कोणाच्या मुलीचा वाढदिवस असतो, त्या गॅरेजात कोणाची गाडी होती, हे कागदोपत्री जुळवायचं.

त्याहून भक्कम पुरावा टॉवर लोकेशनचा. गुन्हेगार दोन फोन बाळगतो: एक धंद्याचा, एक घरचा. बायकोला फोन करायला घरचाच लागतो ना! एन्क्रोचॅटचा फोन कोणकोणत्या टॉवरच्या हद्दीतून गेला आणि त्याच वेळी संशयिताचा नेहमीचा नंबर कुठे होता, हे दोन तक्ते शेजारी मांडले जातात. एकदा-दोनदा जुळलं तर योगायोग. तीन आठवडे दोन्ही फोन रात्री एकाच टॉवरखाली झोपत असतील, सकाळी एकाच रस्त्याने निघत असतील आणि त्या रस्त्यावरच्या नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यात त्याचीच गाडी दिसत असेल, तर ज्युरीला फार समजावून सांगावं लागत नाही.

कोर्टात 'हा फोन माझा नव्हताच' हे वाक्य टिकू नये म्हणून हे सगळं. एका आरोपीमागे असे महिने जातात. शिवाय ब्रिटनमध्ये १९९६ च्या एका कायद्याने पोलिसांवर बंधन आहे, की खटल्यात न वापरलेलं पण बचावाला उपयोगी पडू शकेल असं साहित्यही आरोपीच्या वकिलाला दाखवायचं. त्यासाठी आधी ते सगळं कोणीतरी वाचायला हवं. २०२० चे मेसेज आणि २०२४ ची शिक्षा, यातला बराचसा काळ इथे गेला.

## हा पुरावा कोर्टात चालतोच कसा?

इथे ब्रिटिश कायद्याची एक विचित्र गंमत आहे. तिथे पोलिस फोन टॅप करू शकतात, पण टॅप केलेलं संभाषण सहसा कोर्टात पुरावा म्हणून आणू शकत नाहीत. फक्त माहिती म्हणून वापरायचं: कुठे धाड घालायची, कोणावर पाळत ठेवायची. घरात किंवा गाडीत लपवलेल्या मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग मात्र चालतं. म्हणजे माणूस फोनवर बोलत असताना त्याचा आवाज खोलीतल्या मायक्रोफोनने पकडला तर पुरावा, आणि तेच वाक्य तारेवरून पकडलं तर नाही.

आपल्या वाचकाला हे विशेष चमत्कारिक वाटेल, कारण महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात रीतसर परवानगीने टॅप केलेलं संभाषण पुरावा म्हणून मांडण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. मोक्कासारखा सर्वंकष कायदा ब्रिटनमध्ये नाही. तिथे बहुतेक टोळ्यांवर 'कट रचला' हाच जुना आरोप ठेवला जातो.

ब्रिटनने असा नियम का ठेवला? एक, टॅपिंगची तंत्रं उघड होतील ही गुप्तचर यंत्रणांची भीती. दोन, एकदा पुरावा म्हणून वापरायचा ठरवला की सगळी रेकॉर्डिंग जपून, लिहून बचावाला द्यावी लागतील. २००८ मध्ये सर जॉन चिल्कॉट यांच्या समितीने यावर अहवाल दिला, चर्चा झाली, नियम तसाच राहिला.

या नियमाची किंमत लिव्हरपूलने मोजलेली आहे. टॉक्स्टेथमध्ये वाढलेला कर्टिस वॉरन नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या ड्रग्ज व्यापाऱ्यांपैकी एक मानला जाई. व्हेनेझुएलाहून शिशाच्या विटांमध्ये कोकेन लपवून आणल्याच्या खटल्यातून तो १९९३ मध्ये निर्दोष सुटला. मग तो नेदरलँड्सला राहायला गेला, आणि तिथेच फसला. डच कायद्यात फोन टॅप पुरावा म्हणून चालतो. डच पोलिसांनी त्याचे फोन ऐकले, ऑक्टोबर १९९६ मध्ये धाड घातली, ४०० किलो कोकेन सापडलं आणि त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये राहिला असता तर तेच संभाषण ज्युरीच्या कानावर पडलं नसतं.

आता एन्क्रोचॅटकडे या. हे मेसेज 'वाटेत' पकडलेले असतील तर टॅपिंगचा नियम लागू, सगळा पुरावा बाद. फोनमध्ये 'साठवलेले' असताना काढलेले असतील तर चालतात. मेसेज पाठवण्याच्या क्षणी फोनच्या मेमरीत असतो, तेव्हा तो वाटेत आहे की साठवलेला? शेकडो खटले या एका प्रश्नावर टांगले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं: साठवलेला. वॉरंट योग्य पद्धतीने घेतलं होतं का, यावर वेगळा वाद चालला. तपासाच्या गुप्त अधिकारांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये त्यातही पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. तांत्रिकदृष्ट्या अपील न्यायालयाचा युक्तिवाद पटण्याजोगा आहे, पण निकाल उलटा लागला असता तर काय गोंधळ उडाला असता याची जाणीव न्यायाधीशांना नव्हती, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

## सगळं दिसत होतं तर लगेच धाडी का घातल्या नाहीत?

कारण पहिल्याच धाडीनंतर उरलेले सगळे फोन फेकून देतील. पण थांबायचं किती? समजा मेसेजात दिसलं की उद्या अमक्याला गोळी घालायची आहे. तो 'अमका' स्वतःही गुन्हेगारच आहे. तरी त्याला मरू देता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या १९९८ च्या ऑस्मन निकालानंतर ब्रिटिश पोलिसांना जिवाला धोका आहे हे कळलं की पावलं उचलावीच लागतात, आणि सहसा त्या माणसाला कळवावंही लागतं. पोलिस दारावर थाप मारून सांगतात की तुमच्या जिवाला धोका आहे. कोणाकडून आणि आम्हाला कसं कळलं, हे सांगत नाहीत.

त्या अडीच महिन्यांत दोनशेहून जास्त लोकांच्या जिवावरचा धोका टाळला, असं नॅशनल क्राइम एजन्सी सांगते. लिव्हरपूलच्या पूर्वेला ह्युटन नावाचं उपनगर आहे, तिथल्या नावाजलेल्या टोळीचा ३० किलो कोकेनचा साठा मे २०२० मध्ये दुसऱ्यांनी लुटला. चिडलेल्या टोळीने लुटारूंना शोधून सूड कसा घ्यायचा, वसुली कशी करायची हे सगळं एन्क्रोचॅटवर लिहिलं. अधिकारी ते वाचत होते. म्होरक्याला पुढे २८ वर्षांची शिक्षा झाली.

आणि हे गुपित घरातूनच फुटलं. उत्तर-पश्चिम इंग्लंडच्या पोलिस दलांनी मिळून चालवलेला संघटित गुन्हेगारीविरोधी विभाग आहे. तिथे काम करणाऱ्या एका महिला विश्लेषकाने एप्रिल २०२० मध्येच ओळखीच्या माणसाला सांगून टाकलं, की एन्क्रोचॅट पोलिसांच्या हाती लागलंय. पोलिसांना हे कळलं कसं? त्या माणसाकडून ऐकलेल्याने ते एन्क्रोचॅटवरच लिहिलं! अधिकाऱ्यांनी मग सापळा लावला. त्या ओळखीच्या माणसाविषयी एक खोटी गुप्त नोंद तयार करून तिच्यासमोर ठेवली आणि ती पुढे पोहोचते का ते पाहिलं. पोहोचली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला तीन वर्षं नऊ महिन्यांची कैद झाली. हे काही पहिलं उदाहरण नव्हे. १९९८ मध्ये मर्सीसाइडच्याच एका डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टरला गुन्हेगारांना माहिती विकल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली होती. टोळ्यांशी लढणाऱ्या खात्याला आपल्याच कचेरीवर नजर ठेवावी लागते, हे मुंबईकर वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

## फोनच नसेल तर?

मग माणसांनी बोलावं लागतं, आणि लिव्हरपूलच्या काही वस्त्यांमध्ये तेच होत नाही. पोलिसांना तिथे 'बिझी' म्हणतात, त्यांना माहिती देणाऱ्याला 'ग्रास', आणि ग्रास ही शिवी आहे. २२ ऑगस्ट २००७ ला क्रॉक्स्टेथमध्ये फुटबॉलच्या सरावाहून घरी चाललेला ११ वर्षांचा मुलगा दोन टोळक्यांच्या वैरात गोळी लागून गेला. मारणारा १६ वर्षांचा होता. नाव वस्तीत अनेकांना माहीत होतं, भिंतींवरही लिहिलं गेलं. पण भिंतीवरचं नाव पुरावा होत नाही. अटक व्हायला आठ महिने लागले. त्यासाठी पोलिसांनी संशयितांच्या घरांत छुपे मायक्रोफोन बसवले आणि त्यांच्यातल्याच एका मुलाला साक्षीच्या बदल्यात खटल्यापासून संरक्षण दिलं.

बरोबर पंधरा वर्षांनी, २२ ऑगस्ट २०२२ ला, डव्हकॉटमध्ये नऊ वर्षांची मुलगी स्वतःच्या घरात मारली गेली. बंदूकधारी ज्याच्या मागे होता तो जीव वाचवायला त्यांच्या घरात घुसला होता. माहिती देणाऱ्यासाठी दोन लाख पौंडांचं बक्षीस लागलं. निर्णायक ठरली ती एक स्त्री. खून केल्यानंतर आरोपी तिच्या घरी आला, कपडे बदलले, हे तिने कोर्टात सांगितलं. तिचं नाव छापायला बंदी आहे. आरोपीला किमान ४२ वर्षं तुरुंगात काढावी लागतील.

त्याच्या आदल्या दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, ओल्ड स्वान भागात २८ वर्षांची एक तरुणी घरात शिरलेल्या बंदूकधाऱ्याच्या गोळ्यांना बळी पडली. ती स्थानिक कौन्सिलमध्ये नोकरी करणारी, वैर तिच्या मित्राचं. पण तिने मैत्रिणींना पाठवलेल्या व्हॉइस नोट्समध्ये त्या वैराबद्दलची काळजी बोलून दाखवली होती. खटल्यात त्या ज्युरीला ऐकवल्या गेल्या. चार जणांना शिक्षा झाली. दीड हजार पौंडांच्या फोनवर टोपणनावाने लिहिलेले हजारो मेसेज एकीकडे आणि मैत्रिणीशी आपल्या नावाने, आपल्या आवाजात केलेलं बोलणं एकीकडे. दुसऱ्या प्रकारात अॅट्रिब्युशनचा प्रश्नच येत नाही.

## छोटी मुलं पकडून काय होणार?

'काउंटी लाइन्स' हा शब्द ब्रिटिश बातम्यांत सतत येतो. मोठ्या शहरातली टोळी एक मोबाइल नंबर चालवते. नॉर्थ वेल्स, लँकेशायर, कंब्रिया इथल्या लहान गावांतली गिऱ्हाइकं त्या नंबरवर मागणी नोंदवतात. नंबर लिव्हरपूलमध्येच राहतो, माल घेऊन ट्रेनने जातात चौदा-पंधरा वर्षांची मुलं. गावातल्या एखाद्या व्यसनी किंवा एकाकी माणसाचं घर बळकावून तिथे अड्डा करतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या पट्ट्यानंतर अशा लाइन्स सर्वाधिक मर्सीसाइडमधून निघतात.

पूर्वी गावातले पोलिस त्या मुलाला पकडायचे आणि फाइल बंद व्हायची. टोळीला दुसरा मुलगा मिळायला एक दिवस लागत नसे. आता रोख उलटा आहे: मुलाकडे आधी पीडित म्हणून पाहायचं आणि नंबर चालवणाऱ्याला शोधायचं. पुन्हा तेच काम. त्या नंबरचा फोन आणि कोणाचा खासगी फोन एकाच टॉवरखाली फिरतात? रिचार्ज कुठल्या दुकानातून झाला, दुकानाच्या कॅमेऱ्यात कोण दिसतं? इथे गिऱ्हाइकाच्या साक्षीची गरजही पडत नाही, नंबर कोणाच्या ताब्यात होता ते सिद्ध झालं की पुरे. फक्त, पंधरा वर्षांचा मुलगा पीडित आणि वीस वर्षांचा गुन्हेगार असं धरलं, तर अठराव्या वाढदिवसाला नेमकं काय बदलतं याचं उत्तर कोणत्याच कायद्यात धड नाही.

## म्होरके आत गेले, मग टोळ्या संपल्या का?

नाही. एन्क्रोचॅटनंतर गुन्हेगार स्काय ईसीसी नावाच्या दुसऱ्या सेवेवर गेले, ती मार्च २०२१ मध्ये फुटली. काही जण अॅनॉम नावाच्या फोनवर गेले, तो तर अमेरिकेच्या एफबीआयनेच चालवलेला निघाला. वरची माणसं तुरुंगात गेली तेव्हा खालच्या विशीतल्या पोरांना जागा मोकळी मिळाली आणि त्यांच्या हाती बंदुका होत्याच. २०२२ च्या खुनांचं हे एकमेव कारण नसेल, पण एका टोळीचा डोलारा कोसळला की रस्त्यावर शांतता येईल हे गृहीत धरणं चूक होतं. त्यानंतर मर्सीसाइड पोलिसांनी मर्सी नदीपलीकडच्या विरल आणि इतर भागांत निवडक वस्त्या धरून काम केलं: आधी टोळी उचलायची, मग तिथेच पाय रोवून राहायचं, मग कौन्सिल, शाळा, गृहनिर्माण संस्था यांनी आत यायचं. गोळीबार पुढच्या दोन वर्षांत बरेच घटले.

पैशाचं काय? कर्टिस वॉरनला पुढे जर्सी बेटावर गांजाच्या कटात १३ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१३ मध्ये १९ कोटी ८० लाख पौंड भरण्याचा आदेश. त्याने भरले नाहीत, त्याबद्दल आणखी दहा वर्षं आत राहायचं ठरलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो सुटला.

सुटलेल्या अशा माणसांसाठी २००७ च्या कायद्याने आणलेला एक वेगळा आदेश आहे, गंभीर गुन्हे प्रतिबंधक आदेश. शिक्षा संपल्यावरही तो पाच वर्षांपर्यंत चालू शकतो. खिशात किती रोख बाळगायची, कोणत्या बँकेत खाती आहेत, परदेशी कधी जाणार, हे सगळं पोलिसांना कळवावं लागतं. किती मोबाइल आणि किती सिमकार्डं वापरायची यावरही मर्यादा घालता येते, आणि त्यांचे नंबर आधीच पोलिसांकडे नोंदवावे लागतात. नोंद नसलेला एखादा फोन घरात सापडला तर त्यावरून कोणाशी काय बोलणं झालं हे शोधत बसावं लागत नाही. आदेश मोडला, एवढाच गुन्हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेला पुरतो.